न मोडलेला हात

श्रुतीला शंका उशिरा यायची. शनिवारी शिकवलेल्या भागावरची शंका ती मंगळवारी विचारायची. तोवर वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असायचा आणि बाकीच्या मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. स्टाफरूममध्ये तिच्याबद्दल एकच मत होतं, मुलगी गुणी पण मंद. मला ते कधीच पटलं नाही. मंद मुलांना शंका येतच नाहीत. हिला यायच्या, सावकाश यायच्या, आणि एकदा आल्या की उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

मी तेव्हा सौदी अरेबियात, जुबैलच्या एका भारतीय शाळेत मुलींच्या विभागात गणित शिकवत होते. माझे यजमान श्रीकांत तिथल्या एका वीज प्रकल्पात होते. श्रुतीचे वडील शिरीषराव मोठ्या पेट्रोकेमिकल कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. आमचं कंपाउंड एकच. फरक एवढाच, की त्यांचा व्हिला स्विमिंग पूलच्या समोर होता आणि आमचा फ्लॅट जनरेटरच्या मागे.

शिरीषराव म्हणजे अडलेली कामं सोडवणारा माणूस. कुणाचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, अडकला, कुणाला विमानाचं तिकीट मिळेना, मंडळाच्या गणपतीला मूर्ती कुठल्या सामानातून गुपचूप आणायची, सगळ्याला त्यांच्याकडे एक फोन नंबर असायचा. ‘हो जाएगा’ हे त्यांचे दोन शब्द ऐकायला लोक त्यांच्या दारात उभे राहत. आम्हीही राहिलोय, खोटं कशाला बोलू. पण या माणसाला वाट बघणं म्हणून काही ठाऊक नव्हतं. सिग्नललासुद्धा ते चुळबुळत बसायचे. अशा माणसाच्या पोटी देवाने श्रुती घातली होती.

आई शर्मिला देखणी, नीटनेटकी, कायम कशाच्या तरी तयारीत. आज कुणाचं डोहाळजेवण, उद्या मंडळाचं नाटक. ती मायाळू नव्हती असं नाही, पण मुलीशी काय बोलावं हे तिला सुचत नसे. ती मराठीत काहीतरी विचारायची, श्रुती इंग्रजीत दोन शब्दांत उत्तर द्यायची, आणि दोघी तिथंच थांबायच्या.

श्रुतीची एक गंमत होती. परीक्षा देऊन बाहेर आली की ती आपले मार्क सांगायची. आणि ते खरे व्हायचे, फार तर एखाददोन इकडेतिकडे. दहावीत तिने सगळ्या विषयांचे सांगितले होते, निकाल लागल्यावर आम्ही अवाक झालो होतो. शिरीषराव चारचौघांत चेष्टा करायचे, की आमची मुलगी पेपर तपासायला चांगली आहे, सोडवायला नाही. श्रुतीही हसायची. मला मात्र त्यात चेष्टेसारखं काही दिसायचं नाही. आपल्याला किती येतं आणि किती येत नाही, हे इतकं स्वच्छ माहीत असलेली माणसं मी मोठ्यांतही फार थोडी पाहिलीत.

अकरावीत ती गणितात सपशेल नापास झाली. तिने तेही आधी सांगितलं होतं. वर चढवली तिला, पण सुट्टीनंतर ती वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, ‘‘मिस, मला शिकवा. I just want to see, मला जमतं का.’’

मी विचारलं, इंजिनियर व्हायचंय का? तिने खांदे उडवले. ते पप्पांना माहीत, म्हणाली. तिला फक्त गणितात साठीच्या पुढे जायचं होतं. कुणी ढकललं म्हणून नाही, स्वतःच्या पायांनी. त्या मुलीने आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट असावी, कारण बाकी सगळं तिला मागायच्या आधीच मिळत आलं होतं.

पप्पांचा हिशेब वेगळा होता. आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी आपल्याकडच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजांत जागा राखीव असत, आणि तेव्हा त्या बारावीच्या मार्कांवर भरत. चांगलं कॉलेज हवं तर मार्क नव्वदीच्या घरात पाहिजेत. शिरीषरावांनी कंपाउंडभर सांगून ठेवलं होतं, की श्रुती त्या जागेवर जाणार. हो जाएगा.

वर्षभर ती रोज दुपारी यायची. बाहेर ऊन ओरबाडत असायचं, एसीचा घर्र आवाज, आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ही पोरगी एकेक उदाहरण पुसून पुन्हा मांडतेय. विचार करताना डोळे मिटून घ्यायची. मिटलेल्या डोळ्यांनीच पायऱ्या मोठ्याने म्हणायची आणि मग लिहायची. प्रिलिमला तिने अठ्ठावन्न सांगितले, सत्तावन्न पडले. मी तिला मिठी मारली. तिकडे व्हिलात त्याच सत्तावन्नावरून सुतक पडलं.

बोर्डाच्या परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी बायकांच्या वेळेत आम्ही पूलवर होतो. ओल्या फरशीवरून श्रुतीचा पाय सटकला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट पुरीसारखं फुगलं. मी तिला बोटं हलवून दाखवायला सांगितली, तर तिने पाचही हलवली. मी म्हटलं, मुरगळलंय, बर्फ लाव. शर्मिलाने फोन केला. शिरीषराव आले आणि मायलेकींना गाडीत घालून शहरातल्या एका खाजगी क्लिनिकमध्ये घेऊन गेले. परत आली तेव्हा पंजापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर.

मला रडूच आलं. वर्षभराची मेहनत आणि ऐन वेळी हे. पण शिरीषराव शांत होते. हात मोडलेल्या मुलांना रायटर मिळतो, म्हणाले, म्हणजे आपण सांगायचं आणि त्याने लिहायचं. वर वेळही जास्त मिळतो. अर्ज, दाखला, परवानगी, सगळं त्यांनी दोन दिवसांत आणलं. एरवी आमच्या शाळेत खडूचा डबा मिळायला याहून जास्त वेळ लागायचा.

रायटर खालच्या इयत्तेतला लागतो, हा नियम. शिरीषरावांनी नाव आणलं किशोरीचं. किशोरी अकरावीत होती. तिचे वडील ज्ञानेश चिपळूणकडचे, शिरीषरावांच्याच हाताखाली टेक्निशियन. पोरगी विलक्षण हुशार. मी शाळेला सांगितलं, की बरोबर-चूक कळणारी मुलगी रायटर म्हणून देऊ नका, एखादी कॉमर्सची द्या, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. मला उत्तर मिळालं, की पद्मजा मॅडम, तुम्ही श्रुतीला घरी शिकवता, तुम्ही या कामापासून लांबच राहिलेलं बरं. मी लांब राहिले.

त्या दिवसांत श्रुतीच्या घरात एक नवल घडत होतं. हात बांधलेला, त्यामुळे शर्मिला तिला भरवायची. मोलकरणीला बाजूला करून स्वतः वरणभात कालवायची. केस धुवून द्यायची, वेणी घालायची. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की विणायची सुई घालून हलके खाजवायची. आणि हे करता करता दोघी बोलायला लागल्या होत्या. शर्मिला तिला आपल्या कॉलेजातल्या भानगडी सांगायची. एकदा मी गेले तर दोघी पोट धरून हसत होत्या, श्रुतीच्या हनुवटीला भात चिकटलेला. परीक्षेला जाताना ती मला हळूच म्हणाली, ‘‘मिस, हात लवकर बरा नको व्हायला.’’

पेपरला दोघींना वेगळ्या खोलीत बसवलं. श्रुती डोळे मिटून सांगायची, किशोरी समोर बसून लिहायची. जादा मिळालेल्या वेळात, शर्मिलाने श्रुतीला बजावल्याप्रमाणे, किशोरीला ‘सगळं नीटनेटकं करायला’ द्यायचं आणि मध्ये बोलायचं नाही. गणिताच्या पेपरनंतर श्रुती घामाघूम होऊन बाहेर आली पण चेहरा उजळलेला. म्हणाली, सहासष्ट. दोन मोठी उदाहरणं सोडलीत, एक अर्धवट झालंय, बाकी माझी आहेत. मी तिथेच तिची पाठ थोपटली. किशोरी मागून आली आणि माझ्याकडे न बघता बसमध्ये चढली.

निकाल लागला तेव्हा गणितात त्र्याण्णव होते. बाकीच्या विषयांतही नव्वदीच्या आसपास. व्हिलात दूध पावडरीच्या पेढ्यांची परात फिरत होती, शिरीषराव फोनवर फोन घेत होते. मी गेले तर श्रुती सोफ्याच्या कडेला बसलेली. पेढा हातात तसाच. प्लॅस्टर कधीच निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. ‘‘मिस, हे माझे नाहीत,’’ म्हणाली.

मी समजूत घालायला लागले. तपासणारे कधी उदार असतात, कधी सैल हाताने तपासतात. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, की सोडलेल्या उदाहरणांना मार्क कोण देतं? उत्तर मला सुचलं होतं, पण ते तोंडाबाहेर काढायची माझी छाती होईना.

त्या बोलण्यानंतर आठवडाभरात किशोरी माझ्याकडे बारावीचं पुस्तक मागायला आली. श्रुती टेबलापाशीच होती. तिला बघून किशोरी दारातूनच वळली, पण मी तिला आत घेतलं आणि सरबत केलं. श्रुतीने आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, की मी सोडलेली उदाहरणं तू लिहिलीस का?

‘‘ताई, मला नको ना विचारू,’’ किशोरी म्हणाली. ग्लास तिने दोन्ही हातांनी धरला होता. मग तिचा बांध फुटला. चुकलीस तिथं बरोबर लिहिलं, म्हणाली, सोडलंस ते शेवटच्या वेळात लिहिलं. मला तसंच सांगून ठेवलं होतं. बाबांचं काँट्रॅक्ट संपत आलेलं. तुझे पप्पा म्हणाले, मुलीने एवढं केलं तर मी बघतो.

किशोरीला तेवढ्यावर थांबता येईना. तिने डोळे पुसले आणि जे कुणी विचारलं नव्हतं तेही सांगून टाकलं.

‘‘आणि ताई, तुझा हात मोडला नव्हताच गं. नुसता लचकला होता. त्या दिवशी गाडी बाबाच चालवत होते ना, तुला एक्स-रेला आत नेलं तेव्हा त्यांच्यासमोर डॉक्टरशी ठरलं.’’

मी श्रुतीकडे बघितलं. मला वाटलं आता ती बापाच्या नावाने काहीतरी बोलेल. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. बोटं मिटली, उघडली. आणि तिने विचारलं ते तिसरंच.

‘‘ठरलं तेव्हा आई होती तिथे?’’

किशोरीने मान हलवली. काकू होत्या, म्हणाली. त्यांनीच मग मला सांगितलं, की ताईला कळू द्यायचं नाही, तिला धक्का बसेल.

‘‘She fed me,’’ श्रुती माझ्याकडे बघून म्हणाली. ‘‘रोज.’’

बापाने फसवलं हे तिला एक वेळ पचलं असतं. बाप अडलेली कामं सोडवत होता, हेही त्यातलंच एक. पण जन्मात पहिल्यांदा आई मिळाली होती, आणि ती मिळाली ती या खोट्या प्लॅस्टरच्या जिवावर. मी किशोरीला घरी पाठवलं आणि श्रुतीला म्हटलं, चल, मी येते तुझ्याबरोबर.

शिरीषराव ऑफिसातून नुकतेच आले होते. मी सोबत आहे हे बघून ते सावध झाले. श्रुतीने उभ्याउभ्याच सांगितलं, की मला सगळं कळलंय. त्यांनी नाकारलं नाही, एवढं मी त्यांच्याबद्दल बरं बोलीन. चहा सांगितला आणि आम्हाला बसायला लावलं. मग मीटिंगमध्ये बोलतात तसं बोलायला लागले. प्रिलिमला सत्तावन्न होते. परीक्षा तोंडावर होती. तू पडलीस, मला एक रस्ता दिसला, मी घेतला. तुझ्यासाठीच घेतला. तू नापास झालेली मला बघवलं नसतं.

‘‘मी नापास होणार नव्हते,’’ श्रुती म्हणाली.

‘‘हे तुला कसं माहीत?’’

‘‘मला नेहमी माहीत असतं, पप्पा.’’

ते हसले. त्या हसण्यावर मला इतका संताप आला, की चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. श्रुतीने सांगितलं, की मी बोर्डाला कळवणार. मला माझे मार्क पाहिजेत, कमी असले तरी चालतील.

शिरीषरावांनी नुसतं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, जरूर कळव. पण आधी समजून घे. पेपरवर अक्षर किशोरीचं आहे. पहिलं तिला परीक्षेतून काढतील, म्हणजे तिची बारावी गेली. ज्ञानेशला कंपनी परत पाठवेल, खलास. मला काय, मला दुबईत दुसरी नोकरी मिळेल. तेव्हा ठरव तू.

बघा, म्हणजे या माणसाने सगळं आधीच बांधून ठेवलं होतं. आपली पोरगी सरळ आहे, दुसऱ्याच्या मुलीचं वाटोळं करून ती खरं बोलणार नाही, एवढं मात्र त्यांना बरोबर ठाऊक होतं. म्हणजे तिच्या गणितावर विश्वास नव्हता आणि चांगुलपणावर होता, आणि तोच तिच्याविरुद्ध वापरायला त्यांची जीभ जराही अडखळली नाही. मी जे तोंडाला आलं ते बोलले. पद्मजाताई, तुम्हाला मूलबाळ नाही, तुम्हाला नाही कळायचं, असं ते म्हणाले. हे त्यांचं बोलणं मी विसरलेले नाही.

श्रुतीचं आमच्या भांडणाकडे लक्षच नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या आईपाशी गेली.

‘‘मला भरवत होतीस तेव्हा तुला माहीत होतं?’’ पहिल्यांदाच मी तिला आईशी पुरतं मराठीत बोलताना ऐकलं.

शर्मिला आधी म्हणाली, अगं, तू नीट जेवत होतीस ना. मग तिने पदराचं टोक चुरगाळलं आणि म्हणाली, ‘‘माहीत होतं. पण मला ते आवडत होतं गं.’’

‘‘मलाही,’’ श्रुती म्हणाली, आणि वर आपल्या खोलीत निघून गेली.

त्यानंतर तिने भांडण केलं नाही, हट्टही केला नाही. ऑगस्टमध्ये मुकाट्याने उत्तरेकडच्या त्या सरकारी कॉलेजात गेली. दम्माम विमानतळावर निरोप द्यायला आम्ही चौघं होतो. शिरीषराव सगळ्यांना सांगत होते, की राग होता थोडे दिवस, निवळला. मुलं विसरतात. श्रुती वाकून आईवडिलांच्या पाया पडली, मला तिने मिठी मारली. तिचं इतकं गुळगुळीत वागणं बघून माझ्या मनात पाल चुकचुकली.

दिवाळीच्या सुमारास मला तिचा फोन आला. दुपारची वेळ, मी शाळेतून येऊन अबायाचा काळा झगा काढत होते. म्हणाली, ‘‘मिस, मी कॉलेज सोडलं. आता कुठे जाऊ?’’

हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गात जे शिकवत ते तिला कळत नव्हतं असं नाही. तिच्या पद्धतीने, दोन दिवसांनी कळायचं. पण सोडवलेलं उदाहरण बरोबर आहे की चूक, हेच तिला आता सांगता येईना. बरोबर आलं तरी वाटायचं, कुणीतरी मागून दुरुस्त केलंय. परीक्षेनंतर मुली विचारायच्या, किती पडतील, तर ती म्हणायची, माहीत नाही. बसल्या जागेवरून आपल्याला कुणीतरी उठवणार आहे, असं वर्गात सारखं वाटायचं. आणि उठवलं तर बरोबरच आहे, असंही. ती जागा कुणाची तरी होती. अशाच कुणा ज्ञानेशच्या मुलीची असेल.

सप्टेंबरातच तिने बारावीच्या इम्प्रूव्हमेंटचा फॉर्म भरून टाकला होता. मार्क वाढवायला मुलं ती परीक्षा देतात. मार्क कमी करून घ्यायला ती देणारी मुलगी मी एकच पाहिली. किशोरीचं नाव कुठे न येता आपला पेपर आपल्या हाताने लिहायची ही एकच वाट तिला सापडली होती, आणि ती तिने एकटीने शोधली होती.

मी सांगलीला माझ्या नणंदेला फोन केला. तिचं घर मोठं, माणसं थोडी. श्रुती तिच्याकडे राहायला गेली. ‘पप्पांना सांगू नका’ एवढंच तिने मागितलं आणि मी ते पाळलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. आईबापांना आठवड्याला तिचा फोन जायचा. कॉलेज छान आहे, जेवण बरं आहे, अभ्यास चालू आहे. शिरीषराव तेच वाक्य कंपाउंडभर सांगत फिरायचे. खर्चाला पाठवलेले पैसे तिने बँकेत तसेच राहू दिले आणि गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या धरल्या.

इकडे ज्ञानेशचं काँट्रॅक्ट वाढलं. किशोरी त्या वर्षी बारावीला बसली, झकास मार्क मिळवून गेली. माझ्याकडे मात्र ती पुन्हा आली नाही. शाळेच्या जिन्यात समोर आली तर खाली बघायची. तिचा काय दोष होता? पण हे तिला सांगायचं कुणी, आणि कुठल्या तोंडाने?

श्रुतीचा निकाल लागला तेव्हा तिने मला फोन केला, मग सांगलीतच बी.एस्सी.ला नाव घातलं. आईवडिलांना यातलं काही माहीत नव्हतं.

ते कळलं पुढच्या ऑगस्टमध्ये. शिरीषराव आणि शर्मिला सुट्टीवर गेले होते. मुलीला न कळवता भेटायचं म्हणून खजुराचे डबे, नवा मोबाइल, असं सगळं घेऊन थेट हॉस्टेलच्या दारात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, की या नावाची मुलगी गेल्या दिवाळीपासून इथे नाही. शिरीषरावांनी त्या बाईंशी वाद घातला म्हणे, की अहो, परवाच मी तिच्याशी बोललोय, ती इथेच आहे. मग तिथूनच श्रुतीला फोन लावला. तिने शांतपणे सांगितलं, की मी सांगलीत आहे, बरी आहे, तुम्ही येऊ नका.

माझी नणंद सांगलीला असते हे त्यांना ठाऊक होतं. सुट्टी अर्धी टाकून दोघं परत आले आणि विमानतळावरून सामानासकट माझ्या घरी. मी त्यांना पूर्वी कधी असं पाहिलं नव्हतं. शिरीषरावांची दाढी वाढलेली. ते सोफ्यावर टेकले. मग विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? मी हो म्हटलं.

‘‘वर्षभर,’’ ते म्हणाले. ‘‘वर्षभर दर आठवड्याला माझ्याशी खोटं बोलत होती. मी विश्वास ठेवला हो. आईबापांशी असं कुणी वागतं का? पोटच्या पोरीनं फसवलं आम्हाला.’’

आणि ते रडायला लागले. अगदी खरं, हुंदके देऊन. या रडण्यात नाटक नव्हतं, हेच मला सोसवेना. आपण काय बोललो हे त्यांच्या कानावर पोचलेलंच नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, पण श्रीकांतने नजरेनेच नको म्हटलं. मी उठून पाणी आणलं आणि परत दिलेल्या परीक्षेपासून बी.एस्सी.पर्यंतचं सगळं त्यांना सांगितलं.

पाणी पिऊन त्यांनी चष्मा पुसला. थोडं स्वस्थ वाटल्यावर विचारलं, की परत परीक्षा दिली म्हणता, तर किती पडले?

‘‘गणितात चौसष्ट,’’ मी म्हटलं.

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवून बघितलं. ‘‘चौसष्टात काय मिळतं हो हल्ली?’’ ते म्हणाले. ‘‘बरं, आता बी.एस्सी. तर बी.एस्सी. पुण्याच्या एका कॉलेजात माझी ओळख आहे. एक फोन केला की...’’

‘‘नको,’’ शर्मिला म्हणाली. ‘‘तिचे आहेत ते. राहू दे तिच्याकडे.’’

शिरीषराव तिच्याकडे बघत राहिले. ती उठली, दाराजवळची आपली बॅग उचलली आणि त्यांची वाट न बघता बाहेर पडली.